दोन ओळी, अर्नल्डसाठी

भिंत आमची सामाईक.
टॉडमॉर्डनच्या चढावर, काजळलेल्या दगडी घरांच्या रांगेत
एकवीस नंबर त्याचा, तेवीस माझा.
सहा वर्षं त्याची गाणी
माझ्या फडताळातल्या कपबशा हलवत आली,
दर वर्षी जरा अधिक मोठ्यानं.
रात्रपाळीहून आलेली मी उशी डोक्यावर घ्यायची
आणि कानाडोळा करायची.

मार्चमध्ये भिंत गप्प झाली.
चौथ्या दिवशी दार वाजलं.
अर्नल्ड ग्रीनवुड, एके काळचा गिरणीतला जॉबर,
हातात सफरचंदांचं खोकं, खोक्यात तबकड्या.
म्हणाला, कान संपले.
यंत्र लावलं तर गाणं येतं, पण
पत्र्यावर खडी सांडल्यासारखं.
तू ऐक. रोज एक. आणि मला लिहून दे.
दोनच ओळी. पाल्हाळ नको.

मला यातलं ओ की ठो कळत नाही, मी म्हटलं.
तो माझ्या ओठांकडे बघत होता.
म्हणूनच, म्हणाला.

पहिली चिठ्ठी, किराणाच्या पावतीमागे :
ड्रम फार. गाणारा रागावलाय,
कुणावर ते कळत नाही.
दुसरी : बाई गाते की सांगते?
मधे तिचा श्वास ऐकू येतो. तो आवडला.
तिसरी : झोप लागली. क्षमस्व.
तिसरी परत आली माझ्या दारातल्या फटीतून,
खाली पेन्सिलीनं : मलाही लागली होती, एकोणसत्तर साली.

माझे कान परतवाड्याचे.
समेची वाट बघत बसायची त्यांना सवय;
इथं प्रत्येक ठोकाच सम असल्यासारखा पाय आपटतो.
आठवडाभर मी नुसती मोजत राहिले.
मग मोजणं कधी सुटलं, लक्षात नाही.
भांडी घासताना एक ओळ तोंडात आली
आणि साबणाचा हात तसाच राहिला.

अकराव्या दिवशी कळलं,
तबकडी उलटायला उठावं लागतं,
आणि त्या उठण्याची दखल घेऊन त्यांनी गाणी लावलीत :
पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यावर अर्धा तास बोलणाऱ्या पाहुण्यासारखं.
ही चिठ्ठी चार ओळींची झाली.
त्यानं दोन खोडून परत पाठवली.

एकदा शब्दच मिळेना.
सॅक्सोफोन, पहाटेचा, कुणी उठवायला नसलेला.
शेवटी देवनागरीतच लिहिलं : हुरहुर.
त्यानं अर्थ विचारला नाही.
त्याच्या फ्रिजवर पाहिली मग ती चिठ्ठी,
शेजारी त्यानं गिरवलेला शब्द, चित्रासारखा,
उकार वरच्या बाजूला.

बेचाळिसावी तबकडी. कव्हरवर चहाच्या कपाचं वर्तुळ.
मी लिहिलं :
दुसरी बाजू, तिसरं गाणं, सुई उडते.
चरा आधीचाच आहे, मी पाडलेला नाही.

चिठ्ठी वाचून तो दारातच थांबला.
किती वेळा उडते?
एकदाच.
शब्द संपल्यावर, की मधे?
मधेच. अर्ध्या शब्दात.
बरोबर, म्हणाला. मॉरीनचं कोपर.
पुढं काही सांगेल म्हणून मी उभी राहिले.
तो कचऱ्याचा डबा आत घ्यायला गेला.

त्या रात्री सुट्टी होती.
मी स्पीकर ओढत नेला, तोंड भिंतीकडे केलं,
आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत,
आणि ते एकच गाणं
तीनदा, चारदा, मोजलं नाही.
पलीकडून काहीच नाही.
तो झोपला असेल, किंवा गावात नसेल,
किंवा तळहात भिंतीला लावून बसला असेल;
भिंतीला कान असतात म्हणतात, डोळे तर नसतात.

सकाळी पायपुसण्यावर चिठ्ठी.
अक्षर त्याचं, ओळी दोनच :
माझ्या दोन बशा फुटल्या.
आवाज जरा बेतानं.